उलट्या-जुलाबात फीट येऊ शकते, हे आधी सांगा

थंडी पडली की मुंबईकरांची पोटं सुधारतात, असा एक समज आहे. मोठ्यांपुरता तो बराचसा खराही असेल. पण दिंडोशी आगाराजवळच्या माझ्या औषधाच्या दुकानात डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जी कडेवरची गिऱ्हाइकं येतात, त्यांना हा समज कुणी कळवलेला दिसत नाही. सहा महिने ते दोन वर्षं, हे त्यांचं वय. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, थोडा ताप, कधी तोही नाही. आजी म्हणते, दात येताहेत. आई म्हणते, काल हळदीकुंकवाला घेऊन गेले होते, दृष्ट लागली असेल. मी ओआरएसची पुडी आणि झिंकची बाटली काढून काउंटरवर ठेवते.

पावसाळ्यातल्या जुलाबांसाठी आपली तयारी चोख असते. जून आला की पालिकेचे फलक लागतात, पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. केंद्र सरकारने २०१४ मध्ये अतिसार नियंत्रण पंधरवडा सुरू केला, २०२४ मध्ये त्याचं जुलै-ऑगस्ट असं दोन महिन्यांचं अभियान झालं. पुड्या वाटल्या जातात, हात कसे धुवायचे ते दाखवलं जातं. हे सगळं योग्यच आहे, पावसात गटाराचं पाणी नळात शिरतं हे मालाड-गोरेगावकरांना वेगळं सांगायला नको. पण लहान मुलांच्या तीव्र जुलाबाचं वर्षानुवर्षं सर्वांत मोठं कारण राहिलेला रोटाव्हायरस आपल्याकडे थंडीत जोर धरतो. तेव्हा फलक उतरलेले असतात. शिवाय तो नुसत्या पाण्यातून येत नाही. हातांवरून, खेळण्यांवरून, लंगोट बदलणाऱ्या माणसाच्या नखांतून येतो. नागरी निवाऱ्यातल्या फ्लॅटमध्ये प्युरिफायर आहे, संतोषनगरच्या चढावरच्या खोलीत पाण्याचं पिंप आहे, आणि पाच वर्षांचं होईपर्यंत दोन्ही घरांतल्या जवळजवळ प्रत्येक पोराला तो एकदा तरी गाठतो. मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोवर या जुलाबांचं खापर बहुधा दातांवरच फुटत होतं. दिंडोशीत अजून फुटतं.

माझा मुद्दा मात्र जुलाबांचा नाही. त्यांच्यासोबत कधी कधी येणाऱ्या आणि कुणीच आधी न सांगितलेल्या एका गोष्टीचा आहे.

जुलाब लागलेल्या पोराला फीट येऊ शकते. ताप नसताना येऊ शकते. अंगातलं पाणी फारसं कमी झालेलं नसताना येऊ शकते. आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांत, जेव्हा उलट्या थांबून आईला जरा हायसं वाटलेलं असतं, तेव्हा पोर अचानक ताठ होतं, डोळे फिरवतं, हातपाय झटकतं. मिनिट-दोन मिनिटांत थांबतं, थोडं झोपतं, उठून पाणी मागतं. आणि तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. एका दिवसात असे दोन, तीन, कधी त्याहून जास्त झटके येतात आणि मग ते थांबतात. रक्त तपासलं तर साखर ठीक, मीठ ठीक. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं तर तेही ठीक. मोरोओका नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९८२ मध्ये याचं वर्णन केलं. त्यानंतर जपान, तैवान, कोरियातल्या बालरोगतज्ज्ञांनी यावर भरपूर लिहिलं आणि आपल्याकडच्या तज्ज्ञांनाही ते नवं नाही. रोटाव्हायरस आणि नोरोव्हायरस हे दोघे यात पुढे असतात. साध्या जुलाबासोबतचे हे झटके बहुतेक मुलांत कायमचं काही मागे ठेवत नाहीत. मेंदूची वाढ नीट होते, पुढे मिरगी जडत नाही, आणि वर्षानुवर्षं फीटचं औषध द्यावं लागत नाही.

जुलाब झालेल्या सगळ्या मुलांत पाहिलं तर असं फार थोड्यांना होतं. पण दिंडोशी, कुरार, पठाणवाडी, आप्पा पाडा एवढ्या वस्तीत दर थंडीत पोटं बिघडणारी पोरं किती, याचा विचार केला की 'फार थोडी' म्हणजे प्रत्येक हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या चाळीत एक तरी घर.

असं एक घर मला माहीत आहे. बाई गोकुळधामच्या बाजूला दोन घरी स्वयंपाकाला जाते, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी सव्वा वर्षाची. जुलाबाचा दुसरा दिवस, संध्याकाळ. पहिला झटका आला तेव्हा शेजारणीने नाकाला कांदा लावला. दुसऱ्याला कुणीतरी चप्पल हुंगवली आणि दातखीळ उघडायला चमचा घातला, त्यात हिरडी फाटली. तिसरा झटका रुग्णालयात, डॉक्टरांसमोर आला. तिथे जे करायचं ते व्यवस्थित झालं, मुलगी दोन दिवसांत हसत-खेळत घरी आली. खरा त्रास नंतर सुरू झाला. सासूने गावी फोन केला. गावाहून निरोप आला, मुलीची जात आहे, हे बाहेर बोलू नका. एका नातेवाइकाने सुचवलं म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते आईबापाला वाचता येत नव्हतं आणि नव्या डॉक्टरांनी तो मागितला की नाही, मला माहीत नाही. फीटचं सिरप सुरू झालं, ते किती दिवस हे कुणी सांगितलं नाही. बाटली संपली की बाप माझ्याकडे चिठ्ठी घेऊन यायचा. कितीतरी बाटल्यांनंतर मी विचारलं, हे कशासाठी चालू आहे हो? तो म्हणाला, "मिरगी आहे ना ताई तिला. हळू बोला."

मी केमिस्ट आहे. चिठ्ठीवरचं औषध चूक की बरोबर हे ठरवायचा अधिकार मला नाही, आणि फीटचं औषध मनाने एकदम बंद केलं तर त्यानेच फीट येऊ शकते, हे मी प्रत्येकाला बजावते. तेव्हा मी त्याला एवढंच म्हणाले की रुग्णालयाचा तो जुना कागद शोधा आणि बालरोगतज्ज्ञाला दाखवून विचारा, हे अजून लागतंय का. लहान मुलांत सर्रास लिहिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे चांगलं औषध आहे, पण दोन वर्षांखालच्या मुलांच्या यकृताला त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून हा प्रश्न फालतू नाही. पुढे ते सिरप तज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवत बंद झालं. मुलीच्या नावाला चिकटलेलं मात्र सुटायला अजून वेळ आहे. आजी तिला अजूनही एकटं खेळू देत नाही.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर उद्या कुणी हे कात्रण दाखवून म्हणेल, जुलाबातली फीट निरुपद्रवी असते, घरीच थांबा. निरुपद्रवी आहे हे डॉक्टरने तपासून मग म्हणायचं असतं. काउंटरवर मीही म्हणत नाही. कारण जुलाबात झटके येण्याची दुसरी कारणं आहेत आणि ती अजिबात निरुपद्रवी नाहीत. रक्तातली साखर घसरली असेल. विषाणूऐवजी शिगेलासारखा जंतू असेल, तेव्हा ताप चढतो, शौचात रक्त-आव दिसते. क्वचित मेंदूलाच सूज आलेली असते: पोर नीट जागं होत नाही, ओळखत नाही, किंवा बरं झाल्यावर चालताना झोकांड्या देतं, बोलायचं थांबतं. रोटाव्हायरसनंतर लहान मेंदूला असा त्रास झालेली मुलं वैद्यकीय लिखाणात नोंदलेली आहेत. आणि एक कारण असं आहे, जे आपण आपल्या स्वयंपाकघरात तयार करतो. त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ते माझ्याच दुकानातून घरी जातं.

रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या दरम्यान असावं लागतं. मेंदूच्या पेशींना त्यातला मोठा चढउतार सोसत नाही. मनुका साध्या पाण्यात टाकली की फुगते, फुगलेली दाट खारवलेल्या पाण्यात टाकली की आकसते, तसंच काहीसं पेशींचं होतं, आणि कवटीत फुगायलाही जागा नाही, आकसायलाही परवानगी नाही. जुलाबातून मीठ जात असताना पोराला दिवसभर नुसतं साधं पाणी, पातळ चहा, ग्लुकोज पावडरचं पाणी पाजत राहिलं की सोडियम खाली येतं. खूप खाली आलं की झटके. हे झालं एक टोक. दुसरं टोक पुडीचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी साडेवीस ग्रॅमच्या आसपास असते आणि ती एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची असते. मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज साडेतेरा, पोटॅशियम क्लोराइड दीड, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. हे २००२ पासूनचं सूत्र. बाजारात छोटी पुडीही मिळते, ती पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याची. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ओआरएस लिहिलेलं, पाण्याचं माप बारीक अक्षरांत, बहुतेक वेळा इंग्रजीत. ज्या घरात मागच्या वेळी छोटी पुडी नेली होती, तिथे या वेळी मोठी पुडी पेल्यात जाते. हिशोब सोपा आहे. नीट केलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. तीच पुडी पेलाभर पाण्यात घातली तर ३७५. समुद्राच्या पाण्यात जेवढं सोडियम असतं त्याच्या पाऊणपट. पोर तोंड वाकडं करतं, ओकतं. आई म्हणते, "ओआरएस पचत नाही त्याला." न ओकता चमच्या-चमच्याने प्यायलं तर आणखी वाईट: सोडियम चढतं, पोर चिडचिडं होतं, मग सुस्त, मग झटके. असं चढलेलं सोडियम रुग्णालयात हळूहळू, दोन-दोन दिवस घेऊन उतरवावं लागतं, घाईने उतरवलं तरी मेंदूला सूज येते.

म्हणून मी मोठी पुडी देताना लिटरची रिकामी बाटली आहे का, हे विचारते. नसेल तर छोट्या पुड्या देते. "अर्धी पुडी आत्ता, अर्धी उद्या" असं कुणी म्हणालं की गल्ला सोडून बाहेर येते. अर्ध्या पुडीत अर्धं मीठ येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मागे लोक रांगेत ओरडतात, ओरडू देत.

दिलीप महालनबीस या कोलकात्याच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर पिंपांतून मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीच्या रुग्णांचे जीव वाचवले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. इतक्या साध्या आणि स्वस्त गोष्टीवर पन्नास वर्षांनी आपण काय केलं, तर फळांच्या चवीची गोड पेयं खोक्यात भरून त्यांवर ओआरएसशी मिळतंजुळतं नाव छापलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. त्या खोक्यांत सूत्राच्या कित्येक पट साखर आणि नको तितकं कमी मीठ असतं. जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. अजूनही गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ते सफरचंदवालं द्या, पुडी नको, पोरगा पीत नाही." पुडीपेक्षा खोक्यात दुकानदाराला फायदा जास्त असतो, हेही सांगून टाकते. त्यामुळे माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनाच ही बंदी गोड लागलेली नाही.

धंद्याचंच निघालंय तर दोन औषधं. एक, जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी, लोपेरामाइड. "अर्धी करून देते" म्हणणाऱ्या आया आहेत. लहान मुलाचं आतडं त्याने थंड पडतं आणि पोर गुंगीत जातं. मी देत नाही. दुसरं, उलटीचं मेटोक्लोप्रमाइड. जुन्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मागितलं जातं. लहान मुलांत त्याने कधी कधी मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. घरातल्यांना वाटतं फीट. ती फीट नसते, पोर शुद्धीवर असतं, औषध उतरलं किंवा त्यावरचा उतारा दिला की सुटतं. पण जुलाब, त्यातली खरी फीट आणि औषधाने वळलेली मान यांचा गोंधळ एकदा झाला की पुढचे सगळे कागद चुकीच्या वाटेने जातात. म्हणून रुग्णालयात जाताना घरात दिलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, पुडीचं फाटकं पाकीटसुद्धा.

पोटातून शिरलेलं काही नसांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचतं, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी असायला नको. पोलिओ हा आतड्यातलाच विषाणू आहे. परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात देशभरातून लुळ्या पडलेल्या मुलांच्या शौचाचे नमुने तपासायला यायचे, कारण पायातली ताकद गेली तरी पुरावा पोटात सापडायचा. मुंबईच्या सांडपाण्यात २००१ पासून पोलिओचा विषाणू शोधला जातोय. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात आधी जुलाब आणि मग पाय लुळे, असे गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण निघाले, काही आठवड्यांत दोनशेच्या वर. तिथे मुख्य संशय कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर होता, काहींच्या नमुन्यांत नोरोव्हायरसही सापडला. लहान मुलांच्या जुलाबातली फीट आणि हा आजार एक नव्हेत. पण त्या महिन्यात माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, "जुलाबाने पाय जातात म्हणे?" भीतीने का होईना, लोकांनी पोट आणि नसा यांचा संबंध जोडला होता. महिन्याभरात टीव्हीवरून बातमी गेली आणि संबंधही गेला.

लसीचं बोलायला हवं. रोटाव्हायरसचे थेंब सरकारी लसीकरणात देशात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आले, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोससोबत तोंडातून, फुकट. भारत बायोटेकची रोटाव्हॅक आणि पुण्याच्या सीरमची रोटासिल, दोन्ही इथल्याच. त्याआधी या विषाणूने भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार मुलं दगावत असल्याचा अंदाज होता. थेंब घेतले म्हणजे जुलाब होणारच नाहीत असं नाही, रोटाव्हॅकच्या आपल्याकडच्या चाचणीत तीव्र आजार निम्म्याच्या थोडा वर टळला. पण अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की रोटाव्हायरसची लस पूर्ण घेतलेल्या मुलांना पुढच्या वर्षभरात फीटसाठी रुग्णालय गाठायची वेळ सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी आली. जुलाबाची लस फीटही टाळू शकते, हे मी सांगते तेव्हा आया चमकून बघतात. आमच्याकडे अडचण वेगळीच असते: बाळंतपण गावी, पहिला डोस गावी, कार्ड गावी राहिलेलं, आणि मुंबईत परत आल्यावर 'आता मोठा झाला' म्हणून उरलेले थेंब राहून गेलेले. नोरोव्हायरसवर तर अजून लसच बाजारात नाही, आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानतही नाही. तिथे साबण आणि पाणी.

माझं म्हणणं ऐकून ओळखीच्या एका डॉक्टरांनी आक्षेप घेतला. म्हणाले, "आईला आधीच सांगितलं की फीट येऊ शकते, तर ती प्रत्येक जुलाबाला रुग्णालयात धावेल." मला हे पटत नाही. दीड महिन्याचं इंजेक्शन दिल्यावर नर्सबाई सांगतातच ना, आज रात्री ताप येईल, पाय दुखेल, घाबरू नका. ते ऐकून कुणी लसीकरण सोडलं नाही. उलट ताप आला तेव्हा आई म्हणाली, हां, सांगितलं होतं. आधी सांगितलेल्या गोष्टीला माणूस वेगळ्या तऱ्हेने सामोरा जातो. न सांगितलेल्या गोष्टीसाठी कांदा, चप्पल आणि चमचा तयार असतातच.

सांगायची जागाही आयती आहे. डोस दिल्यावर बाळाला घेऊन अर्धा तास बसवून ठेवतात. आरोग्य केंद्राच्या बाकांवर पंधरा-वीस आया, हातात मोबाइल, बाळ रडून झोपलेलं. साडेतीन महिन्यांचा डोस म्हणजे रोटाचा शेवटचा, आणि जुलाबातल्या झटक्यांचं वय सुरू व्हायला अजून अडीच-तीन महिने आहेत. त्या अर्ध्या तासातली पाच मिनिटं पुरतात. आरोग्य स्वयंसेविकांवर आधीच किती कामं लादली आहेत आणि मोबदला किती, हे मला ठाऊक आहे, त्यांतल्या काही माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यामुळे हे काम त्यांच्या नावे आणखी एक रजिस्टर उघडून नको. बोलायचं फक्त. ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी डिस्चार्जच्या कागदाची. मुलाला जुलाबासोबत झटके आले, तपासण्या ठीक होत्या, मिरगी नाही, रोजचं औषध लागत नाही, हे मराठीत किंवा हिंदीत दोन ओळींत लिहून द्यावं. पुढच्या डॉक्टरसाठी नव्हे, आजीसाठी. घरात शेवटचा शब्द तिचा असतो.

आणि तिसरी, थंडीचा फलक. पावसाळ्याचे फलक मेमध्ये छापले जात असतील, तर हा दिवाळीच्या आसपास छापावा. मजकूर मोठा नको. जुलाबात बाळाला झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. झटका थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पाच मिनिटांत थांबला नाही, पुन्हा आला, किंवा बाळ नीट जागं होत नसेल, तर १०८. मोठी पुडी म्हणजे एक लिटर पाणी, छोटी म्हणजे एक पेला. एवढंच, मराठी, हिंदी आणि उर्दूत. लावायला माझ्या दुकानाचं शटर मोकळं करून देते. सध्या तिथे एका कोचिंग क्लासची जाहिरात आहे, भाडं न देता.